सहाशे बारा चुली

माझी नात तृप्ती माणसं मोजायच्या नोकरीला आहे, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. आमच्या गावचा देवानंद तर म्हणाला, "पाटील, पोलिओच्या डोसवाली बाई बी दारावर खडूनं आकडा लिहून जाती. त्याच्यासाठी इतकं लांब कशाला जायचं?"

मी म्हटलं, "देवा, खडू लावायला दार लागतं. ती जिथं आहे तिथं लोकांपाशी दारच राह्यलं न्हाई."

दक्षिण सुदान नावाचा तो देश. माझ्या मुलानं, म्हणजे तृप्तीच्या बापानं, कल्याणनं, मला नकाशात बोट ठेवून दाखवला. तिथं आणि शेजारच्या मुलखात लढाई पेटली की लोक डोक्यावर मावेल तेवढं घेऊन निघतात. कोण कुठून निघालं, किती निघाले, कुठं थांबले, पुढं कुठं जाणार, हे तृप्ती आणि तिचे सोबती नदीच्या घाटांवर आणि ट्रक थांबतात तिथं जाऊन विचारतात. त्यांचा आकडा वर जातो. त्या आकड्याप्रमाणे धान्य येतं, ताडपत्र्या येतात, औषधं येतात. आकडा चुकला की येणारं चुकतं. हे वाक्य मी तिच्या तोंडून दहा वेळा ऐकलं होतं, गावाला वीस वेळा सांगितलं होतं आणि तरी मला ते कळलं नव्हतं. कसं कळलं तेच लिहायला बसलो आहे. शिक्षण गावच्या शाळेतलं, सातवीपर्यंतचं. त्यानंतर तीस वर्षं पोलीस पाटीलकी केली. बोलतो तसंच लिहितो, सांभाळून घ्या.

पोरगी लहानपणापासून माझ्या बोटाला धरून असायची. ती सहा वर्षांची असताना माझ्या धाकट्या लेकीचं, भावनाचं लग्न निघालं. आमच्याकडं आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी, म्हणजे घरातल्या एकानं यायचं. दुसरं चूलबंद, म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं आणि त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. चूलबंद आवतण द्यायचं तर गावात चुली किती हे पाठ पाहिजे. एका छपराखाली दोन भाऊ वेगळे झालेले असतात. थोरल्याला आवतण दिलं आणि धाकट्याला राहिलं, तर धाकटी सून सात वर्षं तोंड फिरवून जाते.

तर एका घरी आम्ही गेलो. म्हातारा ओट्यावर बसला होता. म्हणाला, "पाटील, आमचं एकच आवतण. आम्ही एकत्रच हाव." तृप्ती पाणी प्यायला आत गेलेली. ती बाहेर आली आणि भर अंगणात म्हणाली, "आबा, आत दोन चुली हायेत. एकीवर दूध हाय अन् एकीवर पिठलं."

झालं! थोरल्याच्या पोराची सोयरीक चालू होती म्हणून त्यांनी वाटणी लपवून ठेवली होती. दिवस मावळायच्या आत ती गावभर झाली. म्हातारा मला म्हणाला, "पाटील, ही नात हाय का तपासणीवाला साहेब?" मी हसून हसून डोळे पुसले. घरी येताना तिला खांद्यावर घेतलं आणि सांगितलं, "बाई, गाव मोजायचं तर घरं मोजू नको, डोकी मोजू नको. चूल मोज. माणूस खोटं बोलतो, धूर बोलत न्हाई."

हे वाक्य मीच घडवलं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता.

पुढं ती घनसावंगीला शिकली, मग जालन्याला. समाजकार्याचं शिक्षण घेतलं. पहिली नोकरी कारखान्यांवर गेलेल्या ऊसतोड कुटुंबांची पोरं कोणत्या गावची, कोणत्या शाळेतून सुटली, ते शोधायची. कल्याणला वाटायचं आता तिचं लग्न करून टाकावं. पोरीनं परदेशातल्या कामाचा अर्ज भरला आणि निवडूनही आली. माझी बायको द्वारकाबाई शेंगदाण्याची चटणी बांधता बांधता रडत होती.

"तिथं गोळ्या चालून राह्यल्या अन् ही वही घिऊन निघाली."

"आजी, वही न्हाई. मोबाईलमंदी भरतेत आता."

"मंग मोबाईलनं गोळी अडती का?"

तृप्तीनं चटणीचा डबा घेतला आणि गेली.

या गोष्टीला आता दोन उन्हाळे झाले. तिचे फोन आमच्याकडं दिवस कलताना यायचे, तिच्याकडं तेव्हा दुपार असायची. गेल्या वैशाखात असाच एक फोन आला. आवाज थकलेला होता.

"आबा, घाटावर चार दिवसांत माणूसच माणूस झालंय. होड्या भरून येऊन राह्यले. तंबू न्हाई, काही न्हाई. झाडाखाली बसलेत, पडक्या शाळेत बसलेत. डोकी मोजावी तर पोरं पाण्याला जातेत, बाया सरपणाला जातेत. एकच माणूस दोनदा मोजल्या जातंय. अन् मला परवापर्यंत आकडा द्यायचाय. पाऊस लागला की रस्ता बंद. त्याच्या आधी जेवढी ज्वारी निघंल तेवढीच."

तिथले लोकही ज्वारीच खातात, हे ऐकून मला ते लोक कधीच परके वाटले नाहीत. मी विचारलं, "तुमची रीत काय म्हणती?"

"रीत म्हणती, म्होरक्यांना विचारा अन् मंग थोड्या कुटुंबांत जाऊन पडताळा. इथं म्होरकेच आपसात भांडून राह्यले. प्रत्येकाचा आकडा येगळा."

मी मांडीवर थाप मारली. "मंग चुली मोज की! पुराच्या साली मी काय केल्तं?"

पुराची गोष्ट तिला पाठ होती. पूर आला तेव्हा ती मामाकडं जाफराबादला होती, म्हणून तिनं पाहिलं काहीच नव्हतं, जे ऐकलं ते माझ्याच तोंडून. तरी मी परत सांगितली. वरच्या धरणातून पाणी सुटलं, गोदावरी गावात शिरली, सगळं गाव टेकाडावरच्या शाळेत नेलं. तहसीलचे साहेब होडीतून आले आणि म्हणाले, किती कुटुंबं, तासाभरात सांगा, त्याप्रमाणे शिधा पाठवतो. बाप्ये जनावरं सोडवायला गेलेले, नाव विचारावं तर जो तो चुलत्याचंही नाव सांगतोय. मी दिवेलागणीला ओट्यावर उभा राहिलो आणि धूर मोजला. एक्केचाळीस चुली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. "पाटील, तासाभरात गाव मोजलंत!"

तृप्ती हसली. "आबा, तुम्हाला इथं साहेब म्हणून बसवाया पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सांजेला तिच्या पाच माणसांनी घाट वाटून घेतला आणि तीन दगडांची एकेक चूल मोजली. प्रत्येक चुलीच्या मालकिणीला विचारलं, घरात खाणारी तोंडं किती. सहाशे बारा चुली झाल्या. आकडा वेळेत गेला, तिच्या वरच्या साहेबांनी शाबासकी दिली. तिनं मला कळवलं, आणि मग मला कोण आवरणार! दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसून घनसावंगी गाठली. जीपमधल्या नऊ जणांना सांगितलं, ड्रायव्हरला वेगळं सांगितलं आणि गिरधारीलाल शेठच्या दुकानात जाऊन टेकलो.

गिरधारीलाल माझ्याच वयाचा. त्याचा आजा मारवाडातून आला, धान्याचं दुकान तेव्हापासूनचं. पुरात त्यानं चार पोती मुरमुरे दिले होते आणि स्वतः वाटायला आला होता.

"सहाशे बारा चुली, शेठ! एका सांजेत! कुणी शिकवलं? या रखमाजीनं!"

तो चष्मा पुसत राहिला. "बहोत बढिया. अन् पाटील, गिरिजाबाईचं बी सांगितलं का तिला?"

"कोण गिरिजाबाई?"

"वा! मी मुरमुऱ्याचं पोतं फोडत होतो तवा ती माझ्यासमोर तुमच्यापाशी आल्ती. तुमची गोष्ट मी इतकी सालं ऐकून राह्यलो. साहेबांनी पाठ थोपटली की तुमची गोष्ट खतम. त्याच्या पुढचे दोन दिवस कुठं जातेत?"

मी म्हटलं, जीप निघेल, आणि उठलो. जीपला अजून अर्धा तास होता.

पुढचे दोन दिवस असे होते. गिरिजाबाई विधवा, घर अगदी नदीच्या अंगाला. पुरात तिचं घर गेलं, तवा गेला, परात गेली. ती, तिची सून शीतल आणि दोन लहान नातवंडं अंगावरच्या कपड्यानिशी शाळेत आली. तिनं चूल मांडलीच नाही. कशानं मांडणार? देवानंदच्या बायकोचं झालं की ती त्याच चुलीवर भाकरी टाकून घ्यायची. मी मोजल्या चुली. देवानंदची मोजली. गिरिजाबाई माझ्या आकड्यात आलीच नाही. तिच्यासारखी आणखी सहा घरं होती, पण त्यांचे भाऊबंद तिथंच होते, त्यांचं भागलं. शिधा आला तो चुलीमागं एक. पहिल्या दिवशी देवानंदच्या बायकोनं वाटून दिलं, दुसऱ्या दिवशी थोडं कमी.

गिरिजाबाई माझ्यापाशी आली. "पाटील, आमचं नाव राह्यलं जणू."

इथवरची चूक कुणाच्याही हातून झाली असती. पण साहेब तिथं दहा पावलांवर उभे होते. त्यांच्यासमोर मी कसं म्हणणार, की माझी मोजणी चुकली? मी म्हणालो, "पुढच्या खेपेला बघू." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी ती चौघं टेकाड उतरून चिखलातून चालत गेली. शहागडच्या पुलापलीकडं भावाच्या गावी गेली, असं कुणी तरी म्हणालं. मी बघायला गेलो नाही. आणि गोष्ट सांगताना मी दरवेळी पाठीवरच्या थापेपाशी थांबत आलो.

घरी आलो. आता तृप्तीला फोन करायचा, एवढंच काम होतं. तिथंही कुणी तरी कुणाच्या चुलीवर भाकरी टाकत असणार. ते सहाशे बारात नसणार. हे मला लख्ख दिसत होतं, आणि तरी मी दोन दिवस फोनला हात लावला नाही. उलट तिचा फोन आला तर घेतला नाही. नातीच्या नजरेत आपण कोण आहोत, ते सोडवत नव्हतं.

द्वारकाबाई तिसऱ्या दिवशी समोर येऊन उभी राहिली. "अवो, दोन दिस झाले तोंडाला कुलूप हाय. पोरीचा फोन आला की परसाकडं गेलेत म्हणून सांगाया लावता. दोन-दोन दिस परसाकडं कोण असतंय?"

मी हसलो नाही, हे पाहून ती घाबरली. तिनंच फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

मी सगळं सांगितलं. न थांबता, थापेच्या पुढचं. मग ती म्हणाली, "आबा, चुलीपाशी बाया ओळीनं बसलेल्या मी बघितल्या. मला वाटलं गप्पा मारून राह्यल्या."

"त्या चुलीसाठी पाळी बघत व्हत्या, माय."

"अन् हे तुम्ही परवा का न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली."

"परवा ट्रक भरले न्हवते, आबा. आज सकाळी निघाले."

मग तिनं विचारलं, "त्या गिरिजाबाई मंग कुठं गेल्या?"

"शहागडच्या पलीकडं, भावाकडं, असं ऐकलं."

"ऐकलं म्हणजे? तुम्ही गेल्ते का?"

"न्हाई."

"जीपनं तासाभराचा रस्ता हाय," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

तिनं दुसऱ्याच दिवशी नव्यानं मोजायला घेतलं. आता प्रश्न बदलला. कुठं शिजवता ते विचारायचं नाही. कुठं निजता आणि कुणासोबत निजता, ते विचारायचं. तीन दिवस लागले. एक हजार सत्तेचाळीस कुटुंबं. म्हणजे चारशे पस्तीस सुटली होती. एका चुलीवर दोन-दोन, तीन-तीन घरं शिजवत होती, कारण पळताना भांडं एकीपाशीच राहिलेलं. तृप्तीनं वर लिहून कळवलं, "चूक माझी आहे, आकडा मी दिला." माझं नाव तिनं लिहिलं नाही, हे मला नंतर कल्याणनं सांगितलं. तिला तिथून हलवायचं ठरलं. तिनं हात जोडून मागून घेतलं की राहिलेल्यांची खेप येईपर्यंत मला इथंच राहू द्या.

आलेली ज्वारी सहाशे बारांची होती. बायांनी पातळ पेज करून ती सगळ्यांत फिरवली, पण ती किती दिवस पुरणार? वर पाऊस लागलेला. नवी खेप नदीतून तराफ्यानं यायची होती.

इकडं मी जीपमध्ये बसून शहागडला गेलो. माणूस कसं शोधायचं ते तृप्तीनंच कधी तरी सांगितलं होतं, की एकाला विचारून उठायचं नाही, तिघांना विचारायचं. हायवेच्या पंक्चरवाल्याला विचारलं, चहावाल्याला विचारलं, गिरणीवाल्याला विचारलं. तिघांचं बोट एका धाब्याकडं गेलं. मागच्या बाजूला एक बाई ट्रकवाल्यांसाठी भाकरी थापत होती. शीतल होती ती. केस पिकलेले. मला तिनं आधी ओळखलं.

"पाटील? इकडं कुठं?"

"गिरिजाबाईला भेटाया आल्तो."

"चार सालं झाली त्यांना जाऊन."

मी जे बोलायचं ते बोललो. ती भाकरी थापत राहिली. मग परातीकडं बघतच म्हणाली, "तुम्ही न्हाई म्हणला असता तर बरं झालं असतं. पुढच्या खेपेला म्हणलात म्हणून सासू दोन दिस बसून राह्यली. पाटलानं शबूद दिलाय म्हणायची. न्हाई म्हणला असता तर पहिल्याच दिशी निघालो असतो. लेकरं तेवढी तरी कमी रडली असती."

तिनं मला चहा विचारला नाही. बराबरच केलं. मी तसाच परत फिरलो.

त्याच दिवशी तृप्तीचा फोन आला तेव्हा मी शीतलचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. या खेपेला मला काही झाकायचं नव्हतं. ती म्हणाली, "आबा, मी बी चार दिवस झाले त्यांना हेच सांगून राह्यले. पुढच्या खेपेला, पुढच्या खेपेला."

दुसऱ्या दिवशी ती दुभाष्याला घेऊन झाडाझाडाखाली फिरली आणि खरं ते सांगितलं. आठ दिवस तरी काही येत नाही. खालच्या घाटावर साठा आहे, पण तो दोन दिवसांच्या पायवाटेवर आहे. राहायचं का जायचं ते तुम्ही ठरवा. त्याच दिवशी सदतीस कुटुंबं उठली आणि चालायला लागली. बाकीची थांबली. तराफा आठव्या नाही, अकराव्या दिवशी आला, आणि थांबलेल्या सगळ्यांना पुरला.

खालच्या घाटावर सव्वीस कुटुंबं पोचली. त्यांची नावं तिथल्या मोजणीत आली. अकरा आली नाहीत. त्या आठवड्यात मधल्या वाटेवर गोळीबार झाला, असं तिथले नावाडी म्हणतात. कुणी म्हणतं, ती माणसं वाट सोडून नात्यातल्या कुणाकडं गेली असतील. कुणी काहीच म्हणत नाही. तृप्ती म्हणते, तिथं राह्यले असते तर जगलेच असते असं बी न्हाई, आबा, पोरं आजारी पडून राह्यली होती. मला बरं वाटावं म्हणून ती हे म्हणते. माझं अर्धं सांगणं त्यांना उपाशी ठेवून गेलं आणि पुरं सांगणं त्यांना वाटेला लावून गेलं. दोन्ही माझ्याच तोंडचं. यातलं कुठलं कमी, हे मी जोखून पाहतो. जमत नाही.

तिची बदली झाली, पण नव्या ठिकाणाहूनही ती त्या अकरांचा माग काढते आहे. घाटावर होडी लागली की नावाड्याला विचारते. मी रोज एवढंच विचारतो, "किती?" ती म्हणते, "अकराच." मग आम्ही पाऊसपाण्याचं बोलतो.

काल फोन आला. म्हणाली, "आबा, दोन नावाडी म्हणले, वरच्या अंगाला काही लोक नवीन उतरलेत. पायी आलेले हायेत."

"किती?"

"त्यांनी मोजले न्हाईत. उद्या जाऊन बघते. आजीला सांगू नका बरं का, तिकडचा रस्ता बराबर न्हाई."

फोन ठेवला आणि मी आत जाऊन द्वारकाबाईला सगळं सांगितलं, रस्त्याचंसुद्धा. ती हातातलं निवडायचं सूप खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

"कधी तरी खोटं बोलत जा की," ती म्हणाली.